डावीकडे ओढणारी गाडी

पाणसळीतला बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला होता. मी पाणसळ उचलली, टोकं उलटी केली आणि हँडलच्या नळीवर पुन्हा ठेवली. बुडबुडा थोडा सरकला, परत आला आणि तिथेच थांबला. खालची फरशी मी आधीच तपासली होती. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती आणि तिच्यात कुठेही केसाएवढाही कल नव्हता.

"काय म्हणतोय बुडबुडा, वैनी?" दस्तगीरने विचारलं.

"सरळ आहे."

"बगा सर! आता तर वैनींनी सांगितलं. कारखान्याची मापं तपासणाऱ्या बाई हैत त्या. माझं नका ऐकू, त्यांचं तरी ऐका."

"उभी असताना सरळच असते रे," भरतेश म्हणाले. "चालवताना डावीकडे ओढते."

दस्तगीरने फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाणसळ तिच्या लाकडी पेटीत ठेवायला लागले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दस्तगीर मुल्लाणीचं गॅरेज होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. रविवार असल्यामुळे आजूबाजूची बरीच शटर खाली होती. समोरचं एक लेथ मात्र सुरू होतं आणि त्याचा किरकिरता आवाज मधूनमधून येत होता. डिसेंबरच्या सुट्टीत आम्हाला कच्छला निघायचं होतं. गाडी सरळ झाली तरच निघायचं, असं भरतेशनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या सकाळी काय व्हायचं ते गॅरेजमध्येच व्हायचं होतं.

भरतेश हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील ट्रक घेऊन कच्छला जायचे. त्यांनी एकदा शाळेच्या फाटकाशी उभं राहून सांगितलं होतं, सर, दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं मीठ आणि मधून रस्ता. तिथं गाडी चालवतोय असं वाटतच नाही, जमीनच मागं जाते. भरतेश घरी आले ते हेच बोलत. दुसऱ्या दिवसापासून गाडी बदलायला सुरुवात झाली.

ती पाचशे सीसीची जुनी गाडी होती. टाकी मोठी करून घेतली. मागे सामानाच्या दोन पेट्यांसाठी लोखंडी चौकटी केल्या. वाऱ्यासाठी पुढे काच आली, आणि ती माझ्या चष्म्यावर चमकते म्हणून काढून थोडी तिरकी बसवली. रंगाला सगळ्यात जास्त वेळ गेला. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर कित्येक आठवडे पुठ्ठ्याचे तुकडे लटकत होते, प्रत्येकावर करड्या-हिरव्याची वेगळी छटा. त्यांना नीलगिरीच्या वाळलेल्या पानाचा रंग हवा होता. मला त्यातल्या निम्म्या छटा सारख्याच दिसायच्या. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "तुला आकड्यात फरक कळतो, मला डोळ्यानं. भांडायचं कशाला?" शेवटी जो रंग टाकीवर चढला तो खरोखरच वाळक्या पानाचा होता.

त्यानंतर गाडी डावीकडे ओढायला लागली.

दस्तगीरने पुढचं टायर बदललं. चाकाच्या तारा पुन्हा ताणल्या. पुढचं चाक धरणारा फोर्क उघडून बघितला. दर वेळी तो स्वतः गाडी पळवून यायचा आणि म्हणायचा, सरळ हाय. दर वेळी भरतेश ती घेऊन घरी यायचे आणि दोन दिवसांनी म्हणायचे, ओढते.

"आता एकच उपाय," दस्तगीर म्हणाला. "हँडलचं माप पयल्यापासनं घ्यायचं. उतरवतो मी. बसा सर गाडीवर."

हँडलचं माप घ्यायची त्याची स्वतःची रीत होती. तो जुनं हँडल काढून टाकायचा, त्या जागी पातळ प्लायवूडची फळी आडवी धरायचा आणि बसणाऱ्याला डोळे मिटून दोन्ही हात पुढे टाकायला सांगायचा. तळवे जिथे टेकतील तिथे खडूने रेघ मारायचा. उघड्या डोळ्यांनी माणूस हँडल बघून हात नेतो, त्याचं म्हणणं. मिटल्या डोळ्यांनी हात जिथं जातात, तिथं हँडल पाहिजे. गाडी मालकाच्या अंगाला कपड्यासारखी बसली पाहिजे.

तो पाना चालवत असतानाच शेजारची शकुंतलाबाई आत आली. ती गाड्यांच्या सीट शिवायची. खांद्यावर मापाची टेप आणि ओठांत सुई, तशीच बोलायची.

"काय ओ सर, अजून हितंच का? मला वाटलं कच्छला जाऊन आलासा पण."

"तुमची सीट शिवून व्हायचीय की अजून," भरतेश म्हणाले.

"माझ्यावर ढकलू नका. मागची सीट कवाच तयार हाय. बाईंच्या मापाची, लोडासारखी. झोपल्या तरी पडायच्या न्हाईत. पुढचीचा फोम कापायचा ऱ्हायलाय, त्यो ह्या भाईचं हँडल ठरल्यावर."

"झालंच बग आता," दस्तगीर म्हणाला. "शकूताय, फळी धर तिकडनं."

त्या दोघांनी फळी धरली. भरतेशनी गाडीवर बसून पाय दोन्ही बाजूंना फुटरेस्टवर ठेवले आणि डोळे मिटले. मी त्यांच्या मागे उभी होते. समोर गॅरेजच्या दाराची लोखंडी पट्टी होती, अगदी उभी. त्यांच्या शर्टाच्या कॉलरची शिवण त्या पट्टीवर आली होती.

"हात टाका सर."

त्यांनी हात पुढे केले. शिवण पट्टीवरून डावीकडे सरकली. आधी थोडी, मग आणखी. मी पुढे होऊन त्यांच्या पाठीला डाव्या बाजूने तळवा लावला. सगळा भार माझ्या हातावर आला.

"ढकलू नकोस गं," ते म्हणाले.

"धरलंय फक्त."

दस्तगीरने खडूच्या रेघा मारल्या. फळी खाली ठेवून आम्ही पाहिलं. डाव्या हाताची रेघ उजव्या हातापेक्षा दोन बोटं खाली होती.

"अगं बया," शकुंतलाबाई म्हणाली. "सर, खांदा का असा पाडलासा?"

भरतेश डोळे उघडून फळीकडे बघत राहिले. मी हात काढून घेतला.

असंच मी आधी एकदा पाहिलं होतं. मिरजेला कानाच्या डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून उभं केलं होतं आणि डोळे मिटायला सांगितलं होतं. तेव्हाही ते असेच डावीकडे गेले होते आणि डॉक्टरांनी सहज हात पुढे करून त्यांना धरलं होतं. त्याआधी घरी दोनदा चक्कर आली होती, दोन्ही वेळा भिंतीला धरून खाली बसण्याइतकी. डाव्या कानात मधूनच आवाज यायचा आणि त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे बोलताना ते उजवी बाजू पुढे करायचे. कानाच्या आत जे पाणी असतं त्याचा दाब वाढतो, डॉक्टर म्हणाले. औषधाने कमी होईल, पुन्हा वाढेल. कधी ते सांगता येत नाही. आणि मोटरसायकल चालवायची नाही. शेवटचं वाक्य त्यांनी कागदावरून नजर न उचलता, पथ्य सांगावं तसं सांगितलं.

घरी येताना एसटीत भरतेश खिडकीशी बसले होते. मिरज मागे पडल्यावर ते म्हणाले, "गाडी हल्ली जरा डावीकडे ओढते. दस्तगीरला दाखवायला पाहिजे." मी म्हटलं, "दाखवू या." त्या दिवसापासून आमच्या घरात कान हा शब्द कुणी उच्चारला नाही. गाडी ओढते, एवढंच आम्ही बोलायचो.

दस्तगीरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो फळीपुढे उकिडवा बसून विचार करत होता. मग त्याने मांडीवर थाप मारली.

"सापडलं! चूक गाडीत न्हाईच सर. तुमच्या बसण्यात हाय. वयानं एकेक खांदा उतरतो, माझ्या बापाचा पण उतरलावता. आपण गाडीच तशी करू. हँडल डावीकडं दोन बोटं खाली. आणि फोर्क गॅसनं तापवून जरासा उजवीकडं ओढून ठेवतो. म्हंजे तुमी डावीकडं गेलासा की गाडी उजवीकडं. हिशोब सरळ."

"जमेल?" भरतेशनी विचारलं.

"का न जमंल? तुमाला सरळ वाटलं म्हंजे सरळ. चालवणार कोण? तुमी!"

भरतेशचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "कर," ते म्हणाले. "आजच कर. त्रिशला, ऐकलंस का? डिसेंबर पक्का."

दस्तगीर उठून कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलिंडरकडे गेला.

आमच्या प्रयोगशाळेत कारखान्यांची मोजायची साधनं तपासायला यायची. एखादं चुकीचं दाखवत असलं की त्याचा माणूस मला म्हणायचा, मॅडम, किती चुकतं तेवढं सांगा, आम्ही तेवढं धरून चालतो. रोज सारखंच चुकत असेल तर तसं चालतं. रोज वेगळं चुकत असेल, तर त्याला लाल पट्टी लावून बाजूला ठेवण्याखेरीज काही करता येत नाही. भरतेशचे काही दिवस अगदी सरळ असायचे. अशा एखाद्या चांगल्या दिवशी, समोरून ट्रक येत असताना, ही गाडी त्यांना उजवीकडे घेऊन गेली असती.

"दस्तगीर," मी म्हटलं, "तापवू नका."

त्याच्या हातात नळी तशीच राहिली. "का वैनी?"

"आधी चहा घेऊ. आणता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भरतेशकडे. "आणतो की," म्हणाला. "चल गं शकूताय, तुला पण घ्यायचा आसंल." शकुंतलाबाईला काही विचारायचं होतं, पण त्याने तिला दंडाला धरूनच बाहेर नेलं.

भरतेश हँडल नसलेल्या गाडीवर तसेच बसून होते. हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे त्यांनी ते टाकीवर ठेवले होते.

"का नको?" ते म्हणाले.

"गाडी सरळ आहे."

"तू उभी असताना मोजलीस."

"चालवूनही पाहिली. परवा. तुम्ही शाळेत होता तेव्हा."

त्यांनी मान वळवली. "तू? ही?"

"शिरोलीच्या पुढे, हायवेला. रस्ता मोकळा होता. हात सैल सोडून पाहिले. सरळ जाते."

मला मोटरसायकल येत होती हे त्यांना माहीत होतं. माझे वडील कुरुंदवाडला गुरांचे डॉक्टर होते. एका पावसाळ्यात त्यांचा हात मोडला, तेव्हा कॉलेजातून येऊन मीच त्यांना राजदूतवर बसवून गावोगाव न्यायची. लग्न ठरवताना भरतेशच्या आईने ते हसून सगळ्यांना सांगितलं होतं. पण लग्नानंतर मी मागेच बसले. मला कुणी बसायला लावलं नव्हतं.

समोरचं लेथ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"मोठी वाटली. पाय नीट टेकत नाहीत. हँडल लांब पडतं."

"आणि?"

"आणि परत फिरावंसं वाटेना."

ते किंचित हसले. मग त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आज बरा होता गं," ते म्हणाले. "सकाळपासून आवाजही नव्हता त्यात. म्हणून तर मी बसलो फळीपुढं."

"माहीत आहे."

"तुला सगळंच माहीत असतं. बोलत नाहीस."

"तुम्हीही बोलत नव्हता."

"मी काय बोलणार? मला तुला न्यायचं होतं तिथं. घेऊन जायचं होतं, मी. हे जे सगळं केलं, टाकी, पेट्या, ती काच, ते तुला घेऊन जायला. नाहीतर एसटी आहेच की. रेल्वे आहे. सगळे जातात."

मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले, उजव्या बाजूला, त्यांना ऐकू येईल अशी.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मागं बसलं की दिसतं काय? इतकी वर्षं बसलीस. हंपीला, बदामीला, कन्याकुमारीला. मी कधी विचारलंच नाही."

"तुमची मान दिसते. मग दोन्ही बाजूंनी बाकीचं सगळं."

"एवढंच?"

"मला तेवढं पुरायचं."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मागे बसलं की इंजिनाचा आवाज आधी त्यांच्या पाठीतून यायचा, मग हवेतून. घाटात वळण येण्याआधी त्यांचा खांदा एवढासा हलायचा आणि मला वळण कळायचं. उन्हात तापलेल्या शर्टाचा वास यायचा. मी भौतिकशास्त्र शिकले, यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मला सांगता आलं असतं. पण मिरजेहून परत आल्यापासून रोज संध्याकाळी मला त्या जागेची आठवण यायची, ते शेजारच्या खोलीत बसलेले असताना. आणि आता जे करायचं होतं त्यात ती जागा मला कायमची सोडायची होती.

"तुम्ही मागे बसा," मी म्हटलं. इतक्या हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

त्यांना ओठ दिसले असावेत. ते टाकीकडे बघू लागले. त्या रंगावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"पोरं बघतील," ते म्हणाले. "चौगुले सर मागं आणि बाई पुढं."

"कच्छमध्ये तुमची पोरं नाहीत."

"कोल्हापुरातनं बाहेर पडेपर्यंत आहेत की! रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत सगळी माझीच पोरं."

"मग उजाडायच्या आत निघू."

ते हसले. खरंच हसले, पण डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"चक्कर आली तर?"

"मिरजेला जाऊन विचारून आले मी. मागे बसायला त्यांची हरकत नाही, मात्र लांबचा पल्ला एका दमात नको. चक्कर येईलसं वाटलं की खांद्यावर थाप मारायची. मी थांबवेन. लागलं तर दिवसभर थांबू."

"मीठ आणि नुसतं ऊन असेल तिथं. थांबणार कुठं?"

"रस्त्याच्या कडेला."

ते गाडीवरून उतरले. उतरताना त्यांनी एक हात सीटवर ठेवला, दुसऱ्याने माझं मनगट धरलं. आम्ही दोघं गाडीच्या एकाच बाजूला उभे राहिलो. तिला हँडल नव्हतं, त्यामुळे ती कुणाचीच नसल्यासारखी दिसत होती.

"तुझा हात कुठवर पोचतो?" त्यांनी विचारलं. "दाखव."

मी हात पुढे केला. त्यांनी कोपरापाशी बोट लावून तो जरा वाकवला, वर्गात मुलांना हात धरून रेघ काढायला शिकवायचे तसा.

"इथं. ताठ नको. ताठ राहिला की खांदे दुखतात."

दस्तगीर आणि शकुंतलाबाई परत आले. दस्तगीरच्या हातात चहाची किटली होती, तिच्या बोटांत पेले अडकवलेले.

"झालं का भांडून?" शकुंतलाबाई म्हणाली. "न्हाई, इचारते, मला फोम कापायचाय. मागनं म्हणशीला उंच झाली, खाली झाली. एकदा कापला की जोडता येत न्हाई त्यो."

"गप की," दस्तगीर म्हणाला. "सर, आमी बोललो त्याचं काय? गॅस लावू? संध्याकाळपातूर देतो गाडी."

भरतेशनी पेला हातात घेतला. चहा प्यायले नाहीत. दस्तगीर त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता. ते वळले आणि उजवा कान त्याच्याकडे केला, पण तो नुसती वाट बघत राहिला. सर सांगतील तसं तो करणार होता. गाडी सरांची होती.

"त्रिशला," भरतेश म्हणाले. "माझ्यानं नाही सांगवत. तू सांग."

मी सांगितलं. नेमकं त्याच वेळी समोरच्या लेथने मोठा आवाज केला आणि दस्तगीर किटली हातात धरून म्हणाला, "काय, वैनी?"

मी भरतेशकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"फोर्कला हात लावू नका," मी मोठ्याने म्हणाले, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "हँडल मागे घ्या, पुढची सीट खाली घ्या. ह्यांच्या मापाची मागची करा. कच्छला गाडी मी चालवणार आहे."